भर दुपारचं चांदणं

चिमणीच्या हातातून चादरीचं टोक सुटलं, पुन्हा सुटलं, आणि ती हसायला लागली.

"अगं, धर ना नीट," घडीबाई म्हणाली. "पलीकडून कुणी धरलंच नाही तर मी एकटी काय घडी घालणार?"

"बोटं मिटतच नाहीत गं आई. बघ कशी झालीत. कुणीतरी पंपानं हवा भरल्यासारखी."

घडीबाईनं चादर स्वतःकडे ओढून घेतली, हनुवटीखाली धरून एकटीनंच तिची घडी केली आणि लेकीकडे डोळे वटारले. "जा, पड जा. म्हणे मदत करते. मोठी आलीय मदत करणारी."

चिमणी भिंतीला धरून हळूहळू पलंगापर्यंत गेली. तिला चिमणी म्हणणं हा घरातला जुना विनोद होता. जन्मली तेव्हा मूठभर होती, म्हणून चिमणी. पुढे वाढली ती दारात उभी राहिली की उजेड अडायचा अशी. शाळेच्या मुलांची व्हॅन चालवायची. पोट पुढे आल्यावरही स्टिअरिंग सोडायला तयार नव्हती. काही विचारलं की तिचं एकच उत्तर असायचं, "काही नाही गं, होईल."

घडीबाईला मात्र घडीबाई हे नाव घरात मिळालेलं नव्हतं. एका मोठ्या हॉटेलच्या धुलाईघरात तिचं सगळं आयुष्य चादरींच्या घड्या घालण्यात गेलं होतं. वाफेतून बाहेर आलेली गरम चादर, एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला दुसरी कुणीतरी. दोघी एकमेकींकडे चालत यायच्या, टोकं जुळवायच्या, मागे सरकायच्या, पुन्हा जवळ यायच्या. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, दोन बायका न बोलता नाच करताहेत. खरं नाव ओळखपत्रावर तेवढं उरलं होतं. आता लेकीच्या बाळंतपणासाठी रजा टाकून ती या शेवटच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायला आली होती. इमारतीला लिफ्ट नव्हती. जावई लिफ्ट दुरुस्त करायचा. "दिवसभर लोकांना वर पाठवतो आणि संध्याकाळी स्वतः जिने चढतो, आई," असं तो रोज धापा टाकत म्हणायचा, आणि रोज स्वतःच हसायचा.

बाळ झाल्यावर पहिले काही दिवस वाईट गेले होते. टाके ओढायचे, म्हणून चिमणी एका कुशीवर कलून बसायची. बाथरूममध्ये कोमट पाण्याचा मग घेऊन जायची आणि आतून 'आई गं' ऐकू यायचं. दूध उतरलं तेव्हा छाती दगड झाली, अंग तापलं, ती रडली. मग तेही ओसरलं. रक्त जाणं कमी होत आलं, टाक्यांची ओढ गेली, बाळ छातीला नीट लागायला लागलं. एकेक गोष्ट मार्गी लागत होती तशी घडीबाई मनातल्या मनात मोकळी होत चालली होती. आता सगळं पार पडलं, असं तिला कालच वाटलं होतं.

कालच चिमणीचं डोकं दुखायला लागलं होतं. तिनं गोळी घेतली, डोकं थांबलं नाही. "झोप कुठे होतेय तुला," घडीबाई म्हणाली. "चष्म्याचा नंबर वाढला असेल," जावई म्हणाला. त्यानंच साबण लावून तिच्या बोटातली अंगठी काढून दिली होती. "दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेला माणूस काढतात तसं काढावं लागलं," असं तो सगळ्यांना सांगत होता. समोरची शेजारीण बाळाला बघायला आली, तिनं चिमणीचे गाल दोन्ही हातांत धरले. "चेहरा बघा कसा भरलाय! बाळंतपण मानवलं हो हिला." घडीबाईला ते ऐकून बरंच वाटलं होतं.

दुपार चढली. घडीबाईनं पडदा ओढला. पडदा पातळ, फिक्या हिरव्या रंगाचा. त्यातून ऊन गाळून खोलीत यायचं आणि सगळी खोली पाण्याखाली असल्यासारखी वाटायची. पंखा फिरत होता. बाळ झोपेत मधूनच ओठ हलवत होतं, कशाला तरी हो म्हणत असल्यासारखं. घडीबाई पलंगाशेजारच्या खुर्चीवर बसली आणि बसल्या बसल्या तिचे डोळे मिटायला लागले. अर्धवट झोपेत ती धुलाईघरात होती. वाफ होती, उंचावरच्या खिडक्यांतून उन्हाचे पट्टे खाली उतरत होते आणि पांढऱ्या चादरी कुणी न धरता आपल्या आपणच मिटत होत्या.

"आई."

"हं."

"किती छान दिसतंय गं."

"काय?"

"भिंत. भिंतीवर चांदण्या पडल्यात. हलताहेत बघ सगळ्या. भर दुपारी."

घडीबाई डोळे न उघडताच हसली. लेकीचा आवाज इतका शांत, इतका लांबून आल्यासारखा होता की त्या आवाजावरच आणखी थोडा वेळ पडून राहावं असं वाटलं. मग ते शब्द तिच्यापर्यंत पोहोचले. तिनं डोळे उघडले. भिंतीवर काहीच नव्हतं.

हे शब्द तिनं याआधी ऐकले होते.

ती फ्रॉक घालायच्या वयाची होती तेव्हा तिची मोठी बहीण, तिची ताई, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळ झालं, सगळं नीट झालं. काही दिवसांनी अशाच एका दुपारी ताई पडल्या पडल्या म्हणाली, "भर दुपारी केवढं चांदणं पडलंय गं आई." आणि हसली. लहान मुलीला बाहेर खेळायला पाठवून दिलं. संध्याकाळी घरात माणसं जमली तेव्हा ताई गेलेली होती.

ताईचं बाळ त्याच्या वडिलांच्या घरी वाढलं. आता तो कुठल्या तरी बोटीवर काम करतो, वर्षातून कधीतरी त्याचा फोन येतो. आणि माहेरच्या घरात ताईचं ते वाक्य राहिलं. त्या वाक्यावर त्या दोघींची आई आजवर जगत आली. कुणाच्याही घरी कुणी गेलं की ती तिथे जाऊन बसायची आणि सांगायची, माझ्या थोरलीला जाताना चांदणं दिसलं होतं, हसत गेली माझी पोर. ऐकणाऱ्यांचे डोळे भरायचे, पण त्यांना बरं वाटायचं. घडीबाईलाही ते वाक्य जन्मभर पुरलं होतं. धुलाईघरात वाफेवर ऊन पडायचं तेव्हा तिला वाटायचं, ताईनं पाहिलं ते असंच काहीतरी असणार. मरणाची भीती तिला कधी वाटली नाही. नवरा गेला तेव्हा ती त्याच्या उशाशी बसून वाट बघत राहिली होती, की आता हाही काहीतरी सांगेल. त्यानं फक्त पाणी मागितलं होतं.

म्हणून चिमणीचे शब्द ऐकल्यावर पहिल्यांदा तिला घाबरायलाही झालं नाही. अंगातलं सगळं बळ हलकेच निघून जावं तसं झालं. आलंच का ते, एवढंच तिच्या मनात आलं. आता हिच्यासाठी आलं. खोली तशीच हिरवट, पंखा तसाच फिरत होता, आणि ती खुर्चीत बसून राहिली.

"आई, डोक्यावर हात ठेव ना," चिमणी म्हणाली. "इथे. जरा जोरात दाब."

घडीबाईनं हात ठेवला. कपाळाखाली काहीतरी ठणकत होतं. आणि त्या ठणक्याबरोबर तिच्या हाताला एक ओलं फडकं आठवलं.

पांढरं फडकं. ताईच्या डोक्याला करकचून बांधलेलं. ते पुनःपुन्हा ओलं करून आणायचं काम तिलाच दिलेलं होतं. नळाखाली फडकं धरलेले आपले छोटे हात तिला दिसले. फडकं घेऊन ती खोलीत आली तेव्हा ताई भिंतीकडे तोंड करून म्हणत होती, "डोकं फुटतंय गं आई, डोकं फुटतंय." आणि आई म्हणत होती, होतं गं, बाळंतपणात असं होतंच. हे कुणी कधी सांगितलं नव्हतं. चांदण्याशेजारी ते शोभलं नसतं, म्हणून गोष्टीतून ते कधी गळून गेलं ते घरात कुणाला कळलंच नव्हतं. तिलाही नाही.

"चिमणे, डोकं किती दुखतंय?"

"आहे गं कालचंच. होईल."

"होईल नाही. मला खरं सांग."

चिमणी लहान मुलीसारखी म्हणाली, "फुटतंय आई."

"आणखी काय होतंय?"

"इथे दुखतंय, उजवीकडे, बरगडीखाली. मळमळतंय. गॅस झाला असेल."

"ऊठ."

"कुठे?"

"दवाखान्यात."

"अगं, आत्ता कुठे झोपलंय बाळ. संध्याकाळी हे आले की जाऊ."

"ऊठ म्हणते ना!" घडीबाईचा आवाज असा चढला की बाळ दचकून रडायला लागलं. चिमणीनं आईकडे पाहिलं आणि मुकाट्यानं पाय खाली सोडले. पायही सुजले होते. चपलेत मावत नव्हते.

जावयाचा फोन वाजत राहिला. कुठल्या तरी लिफ्टच्या खड्ड्यात उतरलेला असणार. घडीबाईनं प्रसूती झाली त्या दवाखान्यात फोन लावला. काय सांगायचं हे तिला सुचेना, म्हणून तिनं जसं होतं तसं सांगितलं: लेक बाळंतीण आहे, डोकं फुटतंय, डोळ्यांपुढे चांदण्या दिसताहेत. पलीकडची बाई मध्येच म्हणाली, "बाई, बोलत बसू नका. निघा. तडक इमर्जन्सीत या."

जिना उतरणं म्हणजे एक स्वप्नच होतं. पुढे घडीबाई, छातीशी बाळ; मागे चिमणी, एक हात कठड्यावर, एक आईच्या खांद्यावर. जिन्याच्या खिडक्यांतून उन्हाचे चौकोन पायऱ्यांवर पडले होते आणि प्रत्येक चौकोनापाशी चिमणी थबकायची. "आई, यात पाय ठेवू का? पाणी आहे का हे?" "नाही गं सोने, ऊन आहे. ठेव पाय." "हो का? किती चमकतंय." तिच्या आवाजात भीती नव्हती, आणि नेमकं तेच घडीबाईला ऐकवत नव्हतं. तिनं मागे वळून पाहिलं नाही. खांद्यावरचा जड, सुजलेला हात तिथे आहे एवढंच ती बघत राहिली. टॅक्सीवाल्यानं बाळ बघून विचारलं, "कुणाला बरं नाही? बाळाला?" ती म्हणाली, "आईला." त्यानं गाडी जोरात काढली.

काउंटरवरची मुलगी म्हणाली, "बसा, बोलावतो."

"बसायला नाही आले," घडीबाई म्हणाली. "बाळंतीण आहे. डोळ्यांपुढे चमकतंय तिच्या."

जवळून जाणाऱ्या सिस्टरनं ते ऐकलं. ती आपल्या वाटेनं जात होती ती वळली. "बाळंतपण कधी झालं?"

"गेल्या आठवड्यात."

सिस्टरनं चिमणीला चाकाच्या खुर्चीत बसवलं, आत नेलं, दंडाला पट्टा बांधला. आकडा बघून तिचा चेहरा जराही बदलला नाही. फक्त तिनं दुसरा हात लांब करून भिंतीवरचं बटण दाबलं, आणि पाहता पाहता पलंगाभोवती माणसं उभी राहिली.

मग बराच वेळ घडीबाई बाळाला घेऊन पडद्याबाहेर बसली होती. आतून डॉक्टरांचा आवाज येत होता, शांत, एकसुरी. चिमणीचाही एकदा आला, "अंगात कुणी ऊन सोडल्यासारखं वाटतंय." कुणीतरी म्हणालं, "औषधानं वाटतं तसं. वाटू दे. झोप आली तर झोपा." बाळ हाताचं बोट चोखत होतं. घडीबाईनं त्याला थोपटलं, थोपटत राहिली, आणि आपण त्याला नव्हे तर स्वतःच्या मांडीला थोपटतोय हे तिच्या उशिरा लक्षात आलं.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. तरुण होत्या, डोळे थकलेले. त्या घडीबाईशेजारी बाकावरच बसल्या.

"तुम्ही आई का? बरं झालं आणलंत. ब्लडप्रेशर फार चढलं होतं. आता औषध चालू केलंय, उतरतंय हळूहळू. आज-उद्या इथेच राहू दे, आम्ही सारखं बघत राहू."

"पण दिवस होते तेव्हा तर काही नव्हतं हो तिला. सगळं नॉर्मल होतं."

"नसतं कधीकधी. बाळ झाल्यावरच चढतं. बाळ झालं म्हणजे सुटलो असं वाटतं ना सगळ्यांना? पण पहिले सहा आठवडे सांभाळावंच लागतं. गोळीनं न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे काही चमकणं, सूज, वर पोटात दुखणं, दम लागणं. यातलं काहीही झालं तर थांबायचं नाही."

"त्या चांदण्या…" घडीबाई म्हणाली.

"प्रेशरमुळे. मेंदूवर ताण येतो. आणखी उशीर झाला असता तर झटके आले असते. मग अवघड असतं."

घडीबाईनं बाळाच्या डोक्यावरचं टोपडं सारखं केलं. सारखंच होतं ते. "डॉक्टर, पूर्वीही असायचं का हे?"

"कायमच होतं की. पूर्वी कळायचं नाही लोकांना."

डॉक्टरीणबाई उठून गेल्या. बाकासमोर एक लांब, चकचकीत कॉरिडॉर होता आणि त्याच्या टोकाला खिडकी. तिथून येणारा उजेड फरशीवरून घडीबाईच्या पायांपर्यंत आला होता. एरवी असा उजेड दिसला की तिला ताई आठवायची आणि आत काहीतरी मऊ व्हायचं. आज ताई आठवली ती फडकं बांधलेली, भिंतीकडे तोंड केलेली, ठणकणारी. तिचं वय किती कमी होतं, हे पहिल्यांदाच घडीबाईच्या ध्यानात आलं. चिमणीपेक्षाही लहान. आता आपल्याला ती मुलीसारखी वाटावी एवढी. इतकी वर्षं ती ताईसाठी रडली नव्हती. चांदणं बघत हसत गेलेल्या माणसासाठी कोण रडतं? आता बाळ मांडीवर असताना ती रडली, आवाज न करता. बाळाच्या टोपड्यावर थेंब पडू नये म्हणून मान वळवून.

जावई धावत आला तेव्हा त्याच्या कोपरापर्यंत ग्रीस होतं. "आई, कशी आहे? काय झालं? फोन वर राहिला हो माझा, मी खाली होतो." त्यानं बाळ घ्यायला हात पुढे केले, हातांकडे पाहिलं, मागे घेतले. पुन्हा पुढे केले. मग भिंतीला पाठ टेकून मटकन खाली बसला. "अंगठी काढताना मी हसत होतो," तो म्हणाला. "मला वाटलं…"

"आम्हाला सगळ्यांनाच वाटलं," घडीबाई म्हणाली. "जा, हात धुऊन या. ती झोपलीय, पण तुम्ही दिसलात तर बरं वाटेल तिला."

दुसऱ्या दिवशी चिमणीची डोकेदुखी उतरली. ती उशीला टेकून बाळाला पाजत होती आणि खिडकीबाहेर बघत होती. एकदम म्हणाली, "आई, आजीची ती गोष्ट. मावशीची."

"हं."

"तेच होतं ना गं ते?"

घडीबाई बाळाचे लंगोट नीट लावून ठेवत होती. हात थांबवले नाहीत. "तेच असणार."

"मला काल आठवलीच नाही ती. लहानपणापासून ऐकलीय, आणि भिंतीकडे बघत पडले होते तरी आठवली नाही. छानच वाटत होतं गं मला, खरंच. आणि तेव्हाच मी…" बाळानं छाती सोडली, पुन्हा धरली. "आजीला नको सांगूस हां आई. तिच्याजवळ तेवढंच आहे."

"नाही सांगत," घडीबाई म्हणाली.

फोनवर तिनं आजीला, म्हणजे स्वतःच्या आईला, एवढंच सांगितलं की प्रेशर वाढलं होतं, आता ठीक आहे. म्हातारीनं खोदून खोदून विचारलं. हिनं टोलवाटोलवी केली.

चिमणी घरी आली. आता ती 'होईल' म्हणत नव्हती. गोळ्या वेळेवर घ्यायची, दंडाला पट्टा बांधून घ्यायची, बाळाबरोबर झोपायची. अंगावरची सूज ओसरत गेली आणि तिचा मूळचा चेहरा पाण्यातून वर यावा तसा हळूहळू वर आला. शेजारीण म्हणाली, "अगंबाई, उतरलीस की गं," आणि चिमणी म्हणाली, "हो ना, फार बरं वाटतंय." गॅलरीपर्यंत चालत जायची, तिथे उभी राहून खालून जाणाऱ्या व्हॅनकडे बघायची. "कसा गिअर टाकतोय बघ, रडवतोय गाडीला," म्हणायची. घडीबाई हे सगळं ऐकत घरभर वावरायची. कामं तीच होती. दुपारी पडदा ओढला की खोली तशीच हिरवी, पाण्याखालची व्हायची. पण तिला आता खुर्चीत डुलकी लागत नसे. ती लेकीकडे बघत बसायची.

एका रविवारी आजी आली. जिने चढणं तिला शक्य नव्हतं. जावयानं आणि शेजारणीच्या नवऱ्यानं तिला खुर्चीत बसवून वर आणलं. बाळाला तिनं मांडीवर घेतलं, नाकडोळे कुणाचे यावर वाद घातला, चहा घेतला. मग नातीकडे वळली.

"आता मला नीट सांगा. हिची आई मला फोनवर गुंडाळते. झालं काय होतं नक्की?"

"प्रेशर, आजी," चिमणी घाईनं म्हणाली.

"प्रेशर मलाही आहे. मला नाही दवाखान्यात ठेवलं कुणी."

"अहो आजी, कसलं साधं प्रेशर!" जावई मोरीत कप विसळत होता, तिथूनच म्हणाला. ताईची गोष्ट त्याला कुणी सांगितलेली नव्हती. "हिला भर दुपारी भिंतीवर चांदण्या दिसत होत्या. आईंनी उचलून नेलं म्हणून. डॉक्टर म्हणाल्या, थोडा उशीर झाला असता तर…"

तो बाहेर आला तेव्हा चिमणी त्याच्याकडे डोळे मोठे करून बघत होती. कुठे काय चुकलं ते त्याला कळलं नाही. तो हातातला कप पुसत उभा राहिला.

आजी घडीबाईकडे बघत होती. घडीबाईला वाटलं, नजर खाली घालावी, काहीतरी दुसरं काढावं. पण आईचे डोळे स्वच्छ होते आणि थेट होते.

"चांदण्या?" आजी म्हणाली.

"हो आई."

"आणि डोकं? डोकं दुखत होतं हिचं?"

"हो."

म्हातारीचा हात बाळाच्या पाठीवर होता. तो जागीच राहिला. "तिचंही दुखत होतं," ती म्हणाली. "मी फडकं बांधलं होतं."

"मीच ओलं करून आणत होते, आई. मला आठवलं त्या दिवशी."

"मी तिला म्हटलं, बाळंतपणात असं होतंच."

"मीही म्हटलं हिला. कालपरवापर्यंत सगळे तेच म्हणत होतो. तेव्हा कुणाला काय माहीत होतं?"

पंख्यानं पडदा थोडा आत यायचा, थोडा बाहेर जायचा, आणि आजीच्या चेहऱ्यावरून हिरवा उजेड सरकायचा. चिमणीला राहवेना. ती पलंगावरून उठली आणि आजीच्या पायाशी येऊन बसली. आजीनं तिच्या केसांत हात घातला. कपाळावर आणला. थोडा वेळ तिथेच ठेवला.

"आता नाही ना दुखत?"

"नाही आजी."

"काही दिसतबिसत नाही ना?"

"नाही. तू दिसतेस."

"तेवढं पुरे," आजी म्हणाली आणि बाळाला घडीबाईच्या हातात दिलं.

संध्याकाळ व्हायच्या आत तिला घरी सोडायचं होतं. जावयानं आणि शेजाऱ्यानं खुर्ची उचलली. घडीबाई मागून काठी आणि पिशवी घेऊन उतरत होती. एका मजल्यावर दार उघडं होतं आणि उंबऱ्यात एक पोटुशी बाई वाऱ्याला उभी होती, कमरेवर हात ठेवून. खुर्चीला वाट द्यायला ती मागे सरकली.

"थांबा जरा," आजी म्हणाली. दोघांनी खुर्ची टेकवली. "कितवा गं?"

"आठवा संपतोय, आजी."

"इकडे ये."

ती ओळखीची नव्हती, तरी पुढे आली. आजीनं तिचा हात आपल्या हातात घेतला.

"माझी थोरली मुलगी होती," ती म्हणाली. "बाळंतपण छान झालं तिचं. मग काही दिवसांनी तिचं डोकं दुखायला लागलं."

घडीबाई चार पायऱ्या वर होती, तिथेच थांबली. ही गोष्ट तिनं जन्मभर ऐकली होती. ती नेहमी चांदण्यापासून सुरू व्हायची.

"मी तिला फडकं बांधलं," आजी सांगत होती. "फडकं बांधून बसायचं नाही. बाळ झाल्यावरसुद्धा नाही. डोकं असं दुखलं, डोळ्यांपुढे काही चमकलं, तोंड सुजलं, तर कुणाचं ऐकायचं नाही. माझ्यासारख्या म्हातारीचं तर मुळीच नाही. दवाखाना गाठायचा. आणि दिसायला ते छान दिसतं हो, लक्षात ठेव. छान दिसतं म्हणून पडून राहायचं नाही."

"हो आजी."

"काय करायचं?"

"दवाखाना गाठायचा."

आजीनं मान हलवली. हात लगेच सोडला नाही. बोटांवरून अंगठा फिरवत राहिली, बोटं सुजलीत का बघावं तसा. मग सोडला. जावई खुर्ची उचलायला वाकला.

"नको," ती म्हणाली. "इथून मी उतरते."

"अहो आजी, अजून दोन मजले आहेत."

"असू देत."

घडीबाई खाली आली आणि काठी तिच्या हातात दिली. म्हातारी खुर्चीतून उठली, थोडी डगमगली, कुणाचा हात धरला नाही. एका हातानं कठडा धरला आणि पायरी बघून पाय खाली ठेवला.